पाळीच्या दुखण्याची गोळी: नागपुरात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

गडचिरोली, गोंदिया, वणी, काटोल, कुठून कुठून मुली नागपुरात शिकायला नाहीतर नोकरीला येतात. घरी पाळीत पोट दुखलं की आई शेकायची पिशवी भरून द्यायची, ओवा चावायला द्यायची, फारच झालं तर भाऊ कोपऱ्यावरून गोळी आणायचा. इथं होस्टेलवर किंवा रूमवर ते सगळं आपलं आपण. मी फार्मसिस्ट आहे, औषधाच्या दुकानात काउंटरमागे असते, आणि या मुली मला रोज भेटतात. 'काकू, काल रात्रीपासून खूप दुखून राहिलं जी, एखादी जालीम गोळी द्या ना.' बहुतेक वेळा जालीम गोळीची गरजच नसते. साधीच गोळी काल रात्री घ्यायला हवी होती.

गोळी कोणती, किती, कधी, कुणी घेऊ नये आणि कुठल्या टप्प्यावर गोळ्या बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे, ते क्रमानं सांगते. इथले डोस एरवी तब्येत ठीक असलेल्या मोठ्या मुलींसाठी आहेत. 14 वर्षांखालच्या बहिणीसाठी विचारत असाल तर डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पहिली पायरी: दुखणं कुठल्या प्रकारचं ते ओळखा

पाळी यायच्या वेळी गर्भाशयाचं अस्तर प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं तयार करतं. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, तिथला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळ येते. हीच रसायनं आतड्यांनाही डिवचतात. म्हणून काहींना नेमके त्याच दिवशी जुलाब होतात, मळमळतं, उलटी होते, डोकं धरतं. बाहेरचं काही खाल्लं म्हणून पोट बिघडलं असं त्यांना वाटतं आणि त्या भलतीच गोळी मागतात.

कुठलाही आजार नसताना होणाऱ्या या दुखण्याची एक ठरलेली चाल असते. पहिली पाळी आल्यानंतर सहा महिने ते दोन वर्षांत ते सुरू होतं. अंगावरून जायला लागायच्या थोडं आधी किंवा लागल्याबरोबर कळा येतात, ओटीपोटातून कंबरेत आणि मांड्यांत उतरतात, पहिल्या दिवशी जास्त, आणि दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतात. दर महिन्याला साधारण तसंच. तुमचं असंच असेल तर गोळीनं आराम पडायची शक्यता चांगली आहे.

चाल वेगळी असेल तर मात्र लक्ष द्या. पाळी संपल्यावरही दुखतं, एरवीही अधूनमधून दुखतं, दर महिन्याला वाढतच चाललंय, संडासला बसताना किंवा संबंधाच्या वेळी कळ येते, अंगावरून फार जातं, किंवा इतकी वर्षं काही नव्हतं आणि पंचविशी-तिशीत अचानक सुरू झालं. अशा वेळी गोळीनं तात्पुरतं बरं वाटेलही, पण आधी कारण शोधायला हवं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुसरी पायरी: ही गोळी तुम्हाला चालते का?

पाळीच्या दुखण्यावर सगळ्यात उपयोगी गोळ्या म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या जातीच्या. त्या शरीरात प्रोस्टाग्लॅंडिन तयार होणंच कमी करतात, म्हणजे दुखण्याच्या मुळाशी काम करतात. पण त्या सगळ्यांना चालत नाहीत.

पोटात अल्सर आहे किंवा पूर्वी होता, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, ॲस्पिरिन किंवा कुठल्याही दुखण्याच्या गोळीनं आधी अंगावर गांधी उठल्या होत्या किंवा दम लागला होता, तर या गोळ्या स्वतःहून घ्यायच्या नाहीत. दमा असलेल्या सगळ्यांना त्रास होतो असं नाही, काहींना होतो. इनहेलर वापरत असाल तर डॉक्टरांना विचारूनच पहिली गोळी घ्या. नैराश्यावरची गोळी चालू असेल तर तेही सांगा, काही औषधांसोबत पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी टेस्ट, मग गोळीचा विचार.

विदर्भातल्या मुलींनी आणखी एक गोष्ट विचारात घ्यायलाच हवी: सिकल सेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या भागात हा आजार खूप घरांत आहे आणि सगळ्यांना तो माहीत असतोच असं नाही. सिकल सेलमध्ये किडनीवर आधीच ताण असतो, म्हणून या गोळ्या डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायच्या. शिवाय पाळीच्या दिवसांत सिकलचा झटकाही येऊ शकतो. तेव्हा हातपाय, पाठ, छाती दुखायला लागते आणि ते सगळं 'पाळीचं' म्हणून अंगावर काढलं जातं. घरात कुणाला सिकल असेल आणि तुमची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, सरकारी दवाखान्यात साध्या रक्त तपासणीनं कळतं. नुसत्या वाहक असाल तर सहसा अडचण नसते, तरी डॉक्टरांना सांगून ठेवा.

आणि पावसाळ्यात, गणपती ते दिवाळी या काळात, अंगात ताप असेल तर यातली कुठलीच गोळी नको. डेंग्यू असला तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप आणि पाळी एकाच वेळी आली तर फक्त पॅरासिटामॉल, आणि रक्त तपासून घ्यायचं.

तिसरी पायरी: स्ट्रिप उलटी करून वाचा

नाव मोठ्या अक्षरात असतं, औषध बारीक अक्षरात. आपल्याला बारीक अक्षरं वाचायची आहेत.

मुली सगळ्यात जास्त मागतात ती मेफ्टाल स्पास. तिच्यात दोन औषधं आहेत: मेफेनॅमिक ॲसिड 250 मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमीन 10 मिलिग्रॅम. पहिलं दुखण्यावरचं, दुसरं आतड्यांचा पीळ सोडवणारं. पाळीच्या कळांत दुसऱ्याचा फायदा किती, याचा पुरावा तोकडाच आहे. काम करतं ते मुख्यतः मेफेनॅमिक. आणि ते या गोळीत 250 च आहे, मोठ्या माणसाचा पूर्ण डोस 500 असतो. 'मला मेफ्टाल लागूच होत नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी काहींचं कोडं इथं सुटतं. पण म्हणून स्पासच्या दोन गोळ्या एकदम घेऊ नका, डायसायक्लोमीनही दुप्पट होईल. नुसत्या मेफेनॅमिकची 500 ची गोळी वेगळी मिळते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या.

डायसायक्लोमीननं तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, गरगरतं, झापड येते. गोळी घेऊन लगेच ॲक्टिव्हा काढून वर्धा रोडला लागू नका. पहिल्यांदा घेत असाल तर रूमवरच घ्या आणि आपल्याला काय होतं ते बघा.

कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 असतं. सायक्लोपॅममध्ये डायसायक्लोमीन आणि पॅरासिटामॉल. मेफ्टाल फोर्टमध्ये मेफेनॅमिक आणि पॅरासिटामॉल. आता बघा, सकाळी मैत्रिणीनं कॉम्बिफ्लाम दिली, दुपारी मेफ्टाल फोर्ट घेतली, संध्याकाळी डोकं दुखलं म्हणून डोलो 650. नावं तीन, पण एकाच जातीची दोन औषधं पोटात गेली आणि पॅरासिटामॉल तीन वेळा. सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक यांतलं एका दिवशी एकच. सोबत हवंच असेल तर पॅरासिटामॉल चालतं, तेही आधीच्या गोळीत नसेल तरच.

मैत्रिणीच्या कप्प्यातली निमेसुलाइडची गोळी बिलकूल नको. लिव्हरला धोका म्हणून आपल्याकडे 2011 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांना ती द्यायला बंदी आली. पाळीच्या कळांसाठी तिच्यावाचून काही अडत नाही.

स्ट्रिपवर आरएक्स लिहिलेलं आणि डाव्या बाजूला लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीवर द्यायचं असतं. मेफेनॅमिक त्यातलंच. बऱ्याच दुकानांत ते न विचारता मिळतं, खोटं कशाला बोलू. पण एकदा डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी घेऊन ठेवा. तुमच्या वजनाला आणि तब्येतीला काय चालतं ते एकदाच ठरतं आणि पुढे दर महिन्याला डोकं लावावं लागत नाही.

चौथी पायरी: कधी आणि किती

सगळा खेळ वेळेचा आहे. प्रोस्टाग्लॅंडिन एकदा तयार होऊन कामाला लागलं की नंतर घेतलेली गोळी पुढचं उत्पादन थांबवते, झालेलं मागे घेत नाही. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करण्यातला प्रकार. म्हणून पहिला डाग दिसला किंवा ओळखीची पहिली कळ आली की त्याच वेळी घ्या. 'आधी बघू सहन होतं का' म्हणून थांबू नका. पाळी अगदी घड्याळासारखी येत असेल तर डॉक्टर आदल्या दिवसापासूनही सुरू करायला सांगतात.

दुसरी गोष्ट, एक गोळी घेऊन बरं वाटलं म्हणून थांबायचं आणि पुन्हा कळ उठली की दुसरी शोधायची, असं करू नका. पहिले दोन-तीन दिवस ठरल्या वेळी घ्या, ते दिवस सरले की बंद.

मेफेनॅमिक ॲसिडचा नेहमीचा डोस म्हणजे पहिल्यांदा 500 मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी 250. किंवा आपल्याकडे बरेच डॉक्टर 500 दिवसातून तीनदा जेवणानंतर लिहितात. दोन-तीन दिवस पुरतात, सात दिवसांच्या वर कधीच नाही. जुलाब सुरू झाले तर बंद करा. हे औषध काहींचं पोट सोडतं.

आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, दर सहा ते आठ तासांनी, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसाला 1200 च्या वर नाही, म्हणजे 400 च्या तीनच गोळ्या. मला स्वतःला पहिल्यांदा गोळी घेणाऱ्या मुलीसाठी हे मेफेनॅमिकपेक्षा सोयीचं वाटतं: डोस लक्षात ठेवायला सोपा, अनुभव जगभराचा. नॅप्रोक्सेनचा असर जास्त वेळ टिकतो, रात्रीची झोप मोडत असेल त्यांना बरं पडतं, पण ते लिहून घ्या.

पॅरासिटामॉल या कळांवर थोडं कमजोर पडतं. ज्यांना वरच्या गोळ्या चालत नाहीत त्यांच्यासाठी तेच ठीक: 500 किंवा 650, दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तास, आणि दिवसाला 4 ग्रॅमच्या पुढे कधीच नाही. अंगानं बारीक असाल तर त्याच्या बरंच खाली थांबा.

गोळी रिकाम्या पोटी नाही. पाळीत जेवण जात नाही हे खरं, पण दोन बिस्किटं, केळं, दूध-पोळी, दहीभात, काहीतरी पोटात जाऊ द्या. पोहे चालतील, तर्री त्या दिवशी राहू द्या. गोळीनंही जळजळ आणि तर्रीनंही जळजळ, मग दोष कुणाला द्यायचा तेच कळत नाही. सावजीचं नावच नको. सोबत ॲसिडिटीची पॅन-डी घ्यायची सवय बऱ्याच जणींना असते. दोन दिवसांच्या गोळीसाठी, पोटाचा जुना त्रास नसेल तर तिची गरज नाही.

गोळी घेऊन अर्ध्या तासात उलटून पडली तर लगेच दुसरी गिळू नका. घोट घोट पाणी पोटात टिकतं का बघा, मग थोडं खाऊन घ्या. दर महिन्याला उलटीच होत असेल तर डॉक्टरांना सांगा; उलटीची गोळी आधी देऊन मग ही देतात. सलाइन-इंजेक्शन लावल्याशिवाय बरंच वाटत नाही असं मानणाऱ्याही असतात. पोटात गोळी टिकत असेल तर इंजेक्शननं वेगळी जादू होत नाही.

नागपूरचा उन्हाळा आणि गोळी

ही गोष्ट सर्वसाधारण माहितीपत्रकात नीट लिहिलेली नसते, म्हणून इथं जरा थांबते.

मे महिन्यात, नवतप्यात, आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. मेफेनॅमिक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा थोडा कमी करतात. एरवी धडधाकट मुलीला ते जाणवतही नाही. पण दिवसभर उन्हात फिरून, पाणी न पिता, वरून जुलाब-उलट्या झालेल्या असताना गोळी घेतली तर किडनीवर खरोखरच ताण येतो. आणि डायसायक्लोमीन तर घामच कमी करतं. घाम नाही तर अंग थंड होणार कसं? ऊन लागायचा धोका त्यानं वाढतो. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायचं असेल तर स्पासवाली गोळी टाळा, नुसत्या आयबुप्रोफेनवर भागवा. ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पीत राहा. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा फार कमी होत असेल तर आधी पाणी, नंतर गोळी.

पाळीत थंड पिऊ नये म्हणून ताकही बंद करणाऱ्या मुली आहेत. ताकानं पाळीला काही होत नाही.

गोळीनं काय बिघडू शकतं

डिसेंबर 2023 मध्ये व्हॉट्सॲपवर मेफ्टालची बातमी फिरली आणि महिनाभर मुली दुकानात विचारत होत्या. झालं होतं असं: इंडियन फार्माकोपिया कमिशननं 30 नोव्हेंबर 2023 ला मेफेनॅमिक ॲसिडबद्दल एक इशारा दिला होता. या औषधानं काहींना ड्रेस नावाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते: ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं, आणि लिव्हर-किडनीसारख्या आतल्या अवयवांना इजा. ती गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते. औषधावर बंदी आली नाही. डॉक्टरांनी आणि घेणाऱ्यांनी लक्ष ठेवावं एवढाच त्याचा अर्थ होता. प्रकार क्वचित घडणारा आहे, पण गोळी घेतलेल्या महिन्या-दोन महिन्यांत तापासोबत पुरळ आलं तर त्वचेच्या डॉक्टरांना 'मी ही गोळी घेतली होती' हे आठवणीनं सांगा.

चेहरा किंवा ओठ सुजले, श्वास अडकला, डांबरासारखी काळी संडास झाली, उलटीत रक्त दिसलं तर गोळी बंद आणि थेट हॉस्पिटल.

सवय लागते का, मूल होत नाही का, हे दोन प्रश्न काउंटरवर मुलींपेक्षा त्यांच्या आया जास्त विचारतात. पाळीच्या दोन-तीन दिवसांपुरत्या घेतलेल्या या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, आणि पुढे मूल व्हायला त्या आड येत नाहीत. 'लग्न झालं की थांबतं' याला आधार नाही. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं दुखणं कमी होतं हे खरं, पण तोवरच्या दहा वर्षांचं काय?

गोळीसोबत

शेक घ्या. गरम पाण्याची पिशवी किंवा विजेचा हीटिंग पॅड ओटीपोटावर, कातडी भाजणार नाही इतपत. त्याचा उपयोग अभ्यासांतही दिसला आहे, गोळीसोबत घेतला तर आणखी बरं. पिशवीला टॉवेल गुंडाळा आणि ती पोटावर ठेवून झोपी जाऊ नका. आल्याचा चहा चालेल. ओवा-हिंगानं गॅसचं बरं वाटतं, त्याला ना नाही. चालणं-फिरणं, हलका व्यायाम महिनाभर असेल तर काहींना फरक पडतो. एवढंच.

तीन पाळ्यांची नोंद ठेवा

मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये चालेल. कुठल्या तारखेला आली, दुखणं किती वाजता सुरू झालं, कुठली गोळी किती वाजता घेतली, किती वेळानं उतार पडला, पॅड किती लागले, कॉलेज किंवा ड्युटी बुडाली का. तीन पाळ्या नीट वेळेवर, पूर्ण डोसनं गोळी घेऊनही भागत नसेल तर चौथ्या महिन्यात तिसऱ्या नावाची गोळी शोधत माझ्याकडे येऊ नका. साधारण पाच-सहा जणींत एकीला या गोळ्यांचा पुरेसा गुण येत नाही. तिच्यासाठी दुसरे उपाय आहेत, आणि मागे एखादं कारण असू शकतं: एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), ॲडेनोमायोसिस (तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), अंडाशयाची गाठ.

नागपुरात कुठं जायचं

खास बायकांचं सरकारी रुग्णालय म्हणजे गांधीबागेतलं डागा. ते सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे, आणि या विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत केले आहेत. मोठी रुग्णालयं म्हणजे मेडिकल चौकातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेंट्रल एव्हेन्यूवरचं मेयो, म्हणजे इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, आणि मिहानमधलं एम्स. नवीन असाल तर ध्यानात ठेवा, ऑटोवाल्याला 'मेडिकलला चला' म्हटलं की तो औषधाच्या दुकानात नाही, त्या मोठ्या हॉस्पिटलला नेईल. खासगी डॉक्टर हवे असतील तर धंतोली आणि रामदासपेठेत पाट्याच पाट्या आहेत. बाहेर पडणंच जमत नसेल तर ई-संजीवनीवर मोबाइलवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं, पहिल्या सल्ल्यासाठी ते पुरेसं आहे.

सरकारी ओपीडी सकाळची असते. लवकर जा, सोबत ओळखपत्र, तुमची ती नोंद, आणि घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा घेऊन जा. 'पिवळ्या रंगाची गोळी होती' यावरून कुणालाच काही कळत नाही. डॉक्टरांना 'पोट दुखतं' एवढंच सांगून थांबू नका. 'पाळीच्या पहिल्या दोन दिवशी उभं राहता येत नाही, आयबुप्रोफेन 400 तीनदा घेऊनही नाही, गेल्या तीन महिन्यांत दर वेळी कॉलेज बुडालं', असं सांगा. अशा बोलण्याला डॉक्टर लगेच धरतात.

लग्न न झालेल्या मुली आतून तपासतील या भीतीनं येतच नाहीत. आधी माहिती विचारतात, पोटावरून तपासतात, आणि सोनोग्राफी पोटावरून करतात. त्यासाठी लघवी भरलेली लागते, म्हणून तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्या आणि रोखून धरा. आतली सोनोग्राफी किंवा तपासणी तुम्हाला विचारल्याशिवाय होत नाही; नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे सगळं तुमच्या डोक्यात आहे असं नाही. एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही. कुणी 'काही नाही, सहन करायला शिक' म्हणून परत पाठवलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

लिहून दिलेलं औषध महाग वाटलं तर जनऔषधी केंद्रात विचारा. तेच औषध जेनेरिक नावानं बरंच स्वस्त मिळतं. तिथंच सुविधा नावाचे पॅडही आहेत, 2019 पासून एका पॅडला 1 रुपया.

ओपीडीची वाट बघू नये अशा वेळाही आहेत. पाळी चुकलेली आणि एका बाजूला अचानक जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणं. तासाला एक पॅड भिजतोय आणि दोन तासांनंतरही थांबत नाही. ताप आणि घाण वासाचं पाणी. घेरी येऊन पडणं. अशा वेळी 108 ला फोन करा किंवा रूममेटला सोबत घेऊन थेट कॅज्युअल्टी.

डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या लिहिल्या तर

घाबरू नका. त्या गर्भनिरोधक म्हणूनही वापरतात, एवढ्यावरून मुली चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकतात आणि विषय संपतो. या गोळ्यांनी अस्तरच पातळ राहतं, प्रोस्टाग्लॅंडिन कमी तयार होतं, दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही घटतात. गुण यायला तीन महिने द्यावे लागतात. सुरुवातीला अधूनमधून डाग पडतात, मळमळतं, बहुतेकींचं ते नंतर जातं. रोज एकाच वेळी घ्या, मोबाइलला अलार्म लावा.

सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी माला-एन याच जातीची आहे, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र असलेली, पण मिळते म्हणून स्वतःहून सुरू करायची नाही. डोळ्यांपुढे चमकून मग डोकं दुखायचा मायग्रेन, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेली, रक्तदाब वाढलेला, लिव्हरचा आजार, सिकल सेल, किंवा वय 35 च्या वर आणि सिगारेट, यांत इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या सहसा टाळतात. अशांसाठी नुसत्या प्रोजेस्टिनची औषधं आहेत. एंडोमेट्रिओसिसवर डायनोजेस्ट 2 मिलिग्रॅम रोज एक लिहितात, ती यातलीच. लग्न झालेल्यांना हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवायचाही पर्याय सुचवतात. साधी कॉपर-टी मात्र दुखणं वाढवू शकते, दोन्हींत गल्लत करू नका.

राहिली पाळी पुढे ढकलायची गोळी. भाद्रपदात महालक्ष्म्या जवळ आल्या की दुकानात तिचीच रांग लागते. ती नोरेथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ती दुखण्यावरची गोळी नाही आणि गर्भनिरोधकही नाही. गुठळीचा त्रास झालेल्यांना किंवा लिव्हरचा आजार असलेल्यांना चालत नाही, तिलाही चिठ्ठी लागते. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते, म्हणून घरी जायची गाडी पकडताना दुकानात थांबून मागितलीत तर बहुतेक उशीर झालेला असतो.